लॅपटॉपला कान लावणारे मास्तर

"हाच तो बुढ्ढा. लॅपटॉपले कान लावून पाह्यते."

दुकानातला एक विक्रेता दुसऱ्याला हळूच म्हणाला. हळूच म्हणजे अकोल्यातलं हळूच. मी दुकानाच्या दारात उभी होते आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला. मास्तरांना आला नाही, कारण त्या क्षणी त्यांनी खरोखरच एका लॅपटॉपच्या पोटाला उजवा कान लावला होता. लॅपटॉप दोन्ही हातांत उचललेला, डोळे मिटलेले. दुकानाचे मालक इरफानभाई काउंटरपलीकडून असे बघत होते, जणू आपलं पोर कोणीतरी परक्याने उचललंय आणि ते आता पडणार.

"पांढरी तीन," डोळे न उघडताच मास्तर म्हणाले. "याच्या पंख्याचा सूर पांढरी तीन हाय. आपल्याले नाई चालत."

"मास्तर, लॅपटॉप का फॅन है वो," इरफानभाई म्हणाले. "हार्मोनियम नई है."

"मंग काय झालं? गाण्याच्या खोलीत बसणार हाय ना थो? सुरात बसन तर बसन, नाई तर बाहेर."

अशा रीतीने चार कोरचा, जाडजूड, चांगला लॅपटॉप पहिल्याच फेरीत बाद झाला. मी काहीच बोलले नाही. त्या काळात काही न बोलणं हे माझं मुख्य काम होतं आणि त्याचा मला पगारही मिळत असे.

आमचं ऑफिस अकोल्यात होतं. ती वर्षं अशी होती, की आमच्या भागाची आठवण सगळ्यांना एकदमच आली होती. पुण्याहून, मुंबईहून, दिल्लीहून गाड्या भरून माणसं यायची, कपाशीत उभं राहून फोटो काढायची, टोप्या वाटायची आणि परत जाताना विचारायची, की इथे संत्री चांगली कुठे मिळतात. त्या सगळ्या येण्याजाण्यातून जी ऑफिसं उगवली, त्यातलं आमचं एक. आम्ही शेतकऱ्यांच्या मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचो. आपणहून फोन वाजायचा आणि उचलला की कानात माहिती: पाऊस कधी येईल, कपाशीवर कोणती कीड दिसते आहे, काय फवारायचं, काय फवारायचं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, अमरावतीची, त्यामुळे आमच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या मॅडमना जाणारे इंग्रजी रिपोर्ट लिहायला मला घेतलं होतं. सोमवारी सकाळी गाडीने अकोल्याला, शनिवारी परत. मधले दिवस मी खाली मान घालून टाइप करायचे.

मास्तर अकोटचे. पूर्वी बँडमास्तर. लग्नाच्या वरातीत सगळ्यांत पुढे क्लॅरनेट घेऊन चालणारा, टोपीला तुरा असलेला माणूस. आमच्याकडे ते कसे आले याच्या तीन कहाण्या ते स्वतःच सांगत आणि तिन्हींत त्यांचाच विजय होई. खरं इतकंच, की सुरुवातीला आमचे निरोप कोणी ऐकतच नव्हतं. अनोळखी नंबर, पलीकडून बाईचा गुळगुळीत आवाज. लोकांना वाटायचं, कंपनीची जाहिरात. कट. मग कोणीतरी मास्तरांना आणलं आणि मास्तर म्हणाले, "आधी वाजवा, मंग बोला. वाजवल्याबिगर दारातून नवरदेव बी हालत नाई."

त्यांनी प्रत्येक किडीला चाल लावली.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तुडतुड्यांना उड्या मारणारी, तीन-तीन सुरांची. माव्याला चिकट, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी. बोंडअळीला क्लॅरनेटवरची एक संथ, वजनदार, थोडी नखरेल चाल. निरोपाच्या आधी ती वाजायची. हंगामभरात लोकांना चाली पाठ झाल्या. भाजीपाला पिकवणाऱ्या एका बाईंनी फोन करून सांगितलं, "भाऊ, तुमी नुसतं गाणंच वाजवत जा. बाकीचं मले गाण्यावरूनच समजते." मास्तरांनी तो फोन स्पीकरवर लावून ऑफिसभर फिरवला.

बोंडअळीची चाल तर फारच चालली. अंजनगाव सुर्जीच्या एका लग्नात बँडवाल्यांनी ती वरातीत वाजवली आणि लोक तिच्यावर नाचले. हे कळल्यावर पुण्याच्या मॅडमचा ईमेल आला, की धोक्याच्या सूचनेवर लाभार्थी नाचत असतील तर संवादाच्या धोरणाचा फेरविचार व्हावा. मी तो मास्तरांना मराठीत समजावून सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडमले लिव, का नाचू द्या. नाचले म्हंजे आयकलं."

मी तसंच लिहिलं, फक्त इंग्रजीत, आणि ते इंग्रजीत फार शहाणपणाचं वाटलं.

मला ते 'कॉन्व्हेंट' म्हणत. "कॉन्व्हेंट, इकडं ये वं." "कॉन्व्हेंट, तोंडात काय धरून बसली? बोलत जा ना कधी." मी हसायचे आणि "हो मास्तर" म्हणायचे. ऑफिसात माझा शब्दसंग्रह "हो मास्तर", "नाही सर" आणि "मेल केलाय" इतकाच होता. त्याने काही अडत नव्हतं.

गाण्याची खोली म्हणजे मागची एक लहान खोली, भिंतीला जुन्या गाद्या लावलेल्या. उन्हाळ्यात तिथे कूलर लागायचाच. कूलरशिवाय त्या खोलीत माणूस उकडून निघाला असता. आणि कूलर घोंघावतो. दुसऱ्या कोणी आवाज बंद करण्याचे उपाय शोधले असते. मास्तरांनी पेटीवर कूलरचा सूर शोधला. काळी दोन. तेव्हापासून वऱ्हाडातल्या सगळ्या किडी काळी दोनमध्ये बसवल्या गेल्या. "तंबोरा फुकट भेटला," ते म्हणत. दुकानातल्या त्या जाड लॅपटॉपचा पंखा पांढरी तीनमध्ये म्हणजे कूलरशी अर्ध्या सुराचं भांडण. त्यांच्या दृष्टीने ते लॅपटॉप नाकारायला पुरेसं होतं. या माणसाच्या वेडेपणात एक शिस्त असायची, हाच त्यातला त्रास.

जुन्या कॉम्प्युटरवर ते कांदा ठेवत. उन्हात जाताना आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात ना, ऊन लागू नये म्हणून; तसाच. डब्यासारख्या त्या सीपीयूवर अर्धा चिरलेला कांदा, चिरलेली बाजू खाली. दुपारी आमचे अकाउंटंट राऊतसाहेब जेवायला बसले, की तो कांदा गायब व्हायचा.

"राऊतसाहेब, मशीनले ऊन लागन!"

"लागू द्या. मले जेवताना कांदा लागते."

राऊतसाहेबांना गाण्याचा मनापासून तिटकारा होता. ते वाईट नव्हते. नीटनेटके होते, इतकंच. "लोकाईले माहिती पाह्यजे, तुमी वरात काढून राह्यले," असं ते म्हणत. लेखी मेसेज पाठवायला काहीच लागत नाही, गादी नाही, कूलर नाही, मास्तर तर नाहीच. हे त्यांनी मॅडमना कळवलंही होतं. कळवणारी मीच होते.

मग ती टक्‌टक् झाली.

गाणं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक आवाज रचतात: खाली ढोलकी, वर क्लॅरनेट, त्यावर थोडा घुमारा. प्रोसेसरला हे सगळं त्याच क्षणी हिशोब करून कानाशी पोचवायचं असतं. सिनेमा अडकला तर थोडा थांबून पुढे जातो. गाण्याला थांबता येत नाही. प्रोसेसरला वेळेत जमलं नाही की तिथे एक बारीक 'टक्' होतं, मोहरी तडतडल्यासारखं. आमचा जुना कॉम्प्युटर कांदा असूनही थकला होता आणि बोंडअळीच्या नव्या गाण्यात जागोजाग तशी तडतड आली. ते गाणं तसंच हजारो फोनांवर गेलं.

सकाळी फोन यायला लागले. आमचा मोबाइल बिघडला का? लाइनीत काही हाय का? आणि अकोटकडच्या एका शेतकऱ्याने मास्तरांचं अभिनंदन केलं. "आवाज बराबर घेतला भाऊ. बोंडात घुसली का अशीच कुरतडत असन थे."

 मास्तर म्हणाले, "हौ ना. मुद्दामच टाकलं."

मॅडमना मी लिहिलं, की हा ध्वनिरचनेतला एक प्रयोग होता. पण त्याच सकाळी मी गाण्याच्या खोलीत हेडफोन लावून ते पुन्हा ऐकलं होतं. तडतड इतकी स्वच्छ होती, की दुर्लक्ष करायचं म्हटलं तरी जमेना. मी हेडफोन मास्तरांना दिले. त्यांनी संपूर्ण गाणं ऐकलं, मान डोलावली. "कुठं हाय? साफ हाय की." मग हेडफोनची डावी वाटी त्यांनी उजव्या कानावर आणली आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा म्हणाले, "साफ हाय."

त्यानंतर मी बघत गेले. बघणं मला चांगलं जमतं. चहाच्या भांड्यातली शिटी त्यांना ऐकू येत नसे. बारीक आवाजाची मोबाइलची रिंग शेजारच्याने दाखवावी लागे. कूलर, ढोल, ट्रक, राऊतसाहेब, ही जाड आवाजाची मंडळी नीट ऐकू येत. वरातीत त्यांच्या डाव्या बाजूला कायम ढोलवाला चालायचा, सगळी लग्नसराई, सगळी वर्षं. "माह्या डाव्या कानात अजून वरात चालूच हाय," असं ते सांगत आणि ऑफिस हसे. मीही हसले होते. आता कळलं, की तो विनोद नव्हता, तक्रार होती. आणि ती त्यांनी इतक्या मोठ्याने केली होती, की कोणाला संशयच येऊ नये.

मी हे कोणाला सांगितलं नाही.

ते माझ्या बाबतीत काही सांगत नव्हते, तसंच. अमरावतीला माझ्या खोलीत, दार लावून, मी बाबांच्या लॅपटॉपवर चाली करत असे. घरी ठाऊक नव्हतं. एकदा रिपोर्ट उघडण्यासाठी दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये मास्तरांना त्यातली एक सापडली. छोटीशी, वर जाऊन हवेतच राहणारी. त्यांनी ती दोनदा ऐकली.

"हे कोणाचं?"

"नेटवरून घेतलंय, मास्तर."

"नेटले एवढी अक्कल नसते," ते म्हणाले, आणि पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती चाल काळी दोनमध्ये आणून त्यांनी पांढऱ्या माशीला देऊन टाकली. मला बरं वाटलं आणि राग आला, दोन्ही.

तडतडीनंतर मॅडमचा निर्णय आला: एक नवा लॅपटॉप, शेवटची संधी. खरेदीवर राऊतसाहेबांची सही. पुन्हा असा आवाज गेला, तर संगीताचा भाग बंद, फक्त लेखी मेसेज. संगीताचा भाग बंद म्हणजे मास्तर बंद. ते कोणी लिहिलं नव्हतं कारण लिहायची गरज नव्हती.

मी शनिवार-रविवार लॅपटॉपांबद्दल इंग्रजीत वाचून काढलं. दुकानात बाजूबाजूला दोन लॅपटॉप असतात. एक पातळ, चकचकीत, दोन कोरचा. त्याच्या डब्यावर वेगाचा मोठा आकडा. दुसरा जाड, चार कोरचा, आकडा लहान. पण पातळ्याचा मोठा आकडा थोड्या वेळापुरता असतो. तापला की तो गुपचूप वेग कमी करतो. डब्यावर छापलेला वेग हा थंड देशातल्या थंड खोलीतला आहे, हे डब्यावर छापलेलं नसतं.

मी हे मास्तरांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद घडी घालून खिशात, कांद्याशेजारी ठेवला आणि स्वतःचा सिद्धांत मांडला.

"चार कोर म्हंजे चार वाजवणारे. बराबर? आता क्लॅरनेटचं काम एकालेच करावं लागते. थे चौघांत वाटता येत नाई. मंग एकच फास्ट पाह्यजे. बाकीचे तिघं काय वरातीत चहा प्याले येऊन राह्यले?"

वाईट हे, की यात तथ्य होतं. एका आवाजावरची सगळी प्रक्रिया बहुधा एकाच कोरवर येते. मी वाचलेल्या लोकांनी हेच, चहा वगळून, म्हटलं होतं. फक्त त्या फास्ट वाजवणाऱ्याला अकोल्याच्या मे महिन्यात चक्कर येते, एवढंच मास्तर सोडून देत होते.

आज तो जाड लॅपटॉप आठवला की बरं वाटतं. लोखंडी ट्रंकेसारखा दिसायचा, पंखा भणभणायचा. तो आल्यावर मास्तरांनी कूलरच्या मोटरशी खटपट करून कूलरलाच अर्धा सूर वर चढवला आणि सगळ्या किडी काळी दोनवरून पांढरी तीनवर आणल्या. माझी नोकरी सुटेपर्यंत तो चालला. गाणं बाहेर जाण्याआधी मास्तर हेडफोन माझ्यासमोर ठेवत आणि खिडकीतून रस्त्यावरच्या म्हशी मोजत असल्यासारखे बाहेर बघत. मी "ठीक आहे" म्हटलं, की म्हणत, "तेच म्हणून राह्यलो मी."

पण त्या दुपारी दुकानात तो बाद झालेला होता. मास्तरांच्या हातात पातळ लॅपटॉप होता आणि त्याचा पंखा, दुर्दैवाने, अचूक काळी दोनमध्ये होता.

"हा पाहा! हा आपल्या खोलीतला हाय." त्यांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. "आता उन्हात पास करतो. मंग सही."

उन्हाची परीक्षा ही त्यांची अट. दुकानाच्या बाहेर, सिमेंटच्या पायरीवर, भर दुपारी. माझ्या पेनड्राइव्हमधलं पांढऱ्या माशीचं गाणं सगळ्या थरांसकट उघडलं आणि पुन्हा पुन्हा वाजत ठेवलं. इरफानभाई डोक्यावर रुमाल टाकून बाहेर आले.

"मास्तर, लॅपटॉप है. पापड नई है."

"वाळला तर घेत नाई, शेठ."

राऊतसाहेब उसाच्या रसाचा ग्लास घेऊन सावलीत उभे होते. मास्तरांनी हेडफोन चढवले, डोक्याला ओला दुपट्टा, डोळे मिटले. मी मागे उभी राहून पडदा बघत होते. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी असते, प्रोसेसरवर किती ओझं आहे ते दाखवणारी. आधी ती हिरवी होती. मग पिवळी झाली. मग लाल होऊन परत आली. मग लालच राहिली. हेडफोनमध्ये आत्ता काय चाललं असेल, हे मला न ऐकता कळत होतं.

मास्तरांनी डोळे उघडले. "एकदम साफ. लोण्यासारखं. करा सही."

राऊतसाहेबांनी ग्लास पायरीवर ठेवला. "मागच्या टायमाले बी तुमी साफच म्हणलं होतं, मास्तर."

"थे मुद्दाम होतं."

"हौ, मुद्दाम. मंग आज असं करू. आधी मी आयकतो. जथी टक् वाजन, तथी मी बोट वर करतो. इरफानभाई पाहून घेतील कुठं कुठं केलं थे. मंग तुमी आयका, तुमी बोट वर करा. दोघाचं जुळलं, का सही. आन् नाई जुळलं..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मजेत होते. त्यांना फक्त मास्तरांची फजिती करायची होती. हाताला काय लागणार आहे, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"बढिया," इरफानभाई म्हणाले. आतले दोघे विक्रेतेही दारात येऊन उभे राहिले.

 मास्तर अंत्ययात्रेतही दोन वाक्यं बोलायचे. आत्ता त्यांनी फक्त दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर गच्च दाबून धरले होते, जणू तिथे अजून काहीतरी ऐकायचं बाकी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बघितलं होतं हे त्यांनीही कधीतरी बघितलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

गप्प राहिले तर परीक्षा होणार होती. लॅपटॉपमध्ये तडतड आहे म्हटलं, तर राऊतसाहेब विचारणार, की मग यांना कशी आली नाही. राऊतसाहेबांनी हेडफोनसाठी हात पुढे केला.

मी दोन पायऱ्या उतरले. राऊतसाहेबांच्या हाताच्या आधी माझा हात पोचला. ओल्या दुपट्ट्यासकट मी ते हेडफोन मास्तरांच्या डोक्यावरून ओढून काढले आणि दुकानात, रस्त्यावर, रसवंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमी चूप बसा जरा! कवाचे एकटेच आयकून राह्यले. हे गाणं माह्यं हाय. मले आयकू द्या."